बोरीच्या उस्तादांचा क्लास

आमच्या राणीसाठी नाचाचा क्लास मी निवडला, आणि त्या दिवसापासून घरातली कुठलीही गोष्ट निवडायचा माझा हक्क गेला. भाजीसुद्धा.

राणी म्हणजे आमची मुलगी. वय वर्षं सहा, इयत्ता पहिली. आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं, आणि तिच्यापुढं पुठ्ठ्याचं एक झाड होतं. आम्ही सेलूतले सगळे नातेवाईक जमवून नेले होते. त्यांना झाड नीट दिसलं. राणी त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. यंदा तिनं एकच धोशा लावला होता, “पप्पा, मला पुढच्या रांगेत नाचायचंय.” बाई म्हणाल्या, “ताल पक्का झाला अन् भीड गेली, तर घेऊ पुढं.” संमेलनाला दोन महिने उरले होते.

माझी बायको सुनंदा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे, त्यामुळं लहान मुलं हा तिचा प्रांत (आणि नवरा हा तिचा जोडधंदा). तिनं गावातले दोन क्लास पाहिले. एकात गुरुजी मोबाइलवर बघून शिकवत होते, आणि रेंज गेली की नाच थांबत होता. दुसऱ्यात सगळ्या विद्यार्थिनी चाळिशीच्या होत्या आणि पोट कमी करायला आल्या होत्या.

“मला नीट गुरू पायजे,” सुनंदा म्हणाली. “ताल पक्का करणारा. आता तुमी बघा. एवढं एक काम तरी धड करा.”

मी बाबूच्या सलूनमध्ये चौकशी केली. तालुक्यातली सगळी माहिती तिथं केसांबरोबर जमिनीवर पडलेली असते.

“बाबू, नाच शिकवणारं चांगलं कोणी आहे का रे इकडं?”

“बोरीचे उस्ताद हायत की सर. त्यांच्या हातून निघालेली एकबी तालाला चुकत न्हाई.”

“बऱ्याच येतात का शिकायला?”

“लय. पार येलदरीवरून आणतेत लोक. पाटलाच्याच दोन हायत तिथं.”

पाटलांनी दोन्ही मुली घातल्यात म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं? आणि त्यात ‘उस्ताद’! हा शब्द ऐकला की आम्हा मराठवाड्यातल्या माणसांची मान आपोआप झुकते. आमच्याकडं कुस्ती शिकवणारा उस्ताद असतो, तबला शिकवणारा उस्ताद असतो आणि ट्रकचं इंजिन खोलणाराही उस्तादच असतो. मी शाळेत मराठी शिकवतो. शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावावा, असं मुलांच्या डोक्यावर रोज आपटतो. तेव्हा मी संदर्भ पाहिला, आणि अर्थ लावला.

संध्याकाळी बाबूनं दिलेल्या नंबरवर फोन केला.

“उस्ताद, आमच्या राणीला नाच शिकवायचा होता.”

“आणा की. वय काय?”

“सहा.”

“सहा? लय उशीर केला सर. दोन वर्साची असतानाच आणायची. तवा पाय वळतेत.”

(दोन वर्षांची असताना राणी उंबरा ओलांडताना पडायची. तरी मला स्वतःची लाज वाटली.)

“आता जमणारच नाही का?”

“जमवू की. अंगानं कशी हाय?”

“जरा बारीक आहे.”

“मग रोज सकाळी भिजवलेले हरभरे अन् गूळ चारा. अंगात जोर पायजे. गर्दीत बुजती का?”

“तेच तर दुखणं आहे, उस्ताद. माणसं दिसली की मागं मागं सरकते.”

“काढू तिची बूज. लाथा मारती का?”

“झोपेत मारते.”



“झोपेत? तसली पयल्यांदाच ऐकायलो. बरं, रविवारी आणा. टेम्पोत आणता का चालवत?”

“मोटारसायकलवर आणतो. पुढं टाकीवर बसते ती.”

“टाकीवर?” असं पलीकडून दोनदा विचारून झालं. मग उस्ताद अगदी हळुवार आवाजात म्हणाले, “लय जीव दिसतोय सर तुमचा तिच्यावर.”

मी भारावून गेलो. एवढ्या बारकाईनं चौकशी करणारा गुरू सुनंदालाही पसंत पडला. “बघा, खाण्यापिण्याचंसुद्धा विचारलं. खानदानी माणूस दिसतोय,” ती म्हणाली. पुढचे चार दिवस राणीनं रडत रडत हरभरे खाल्ले.

रविवारी राणी नवं परकर-पोलकं आणि पायात घुंगरू घालून टाकीवर बसली, सुनंदा नारळ, हार आणि पेढे घेऊन मागं बसली, आणि आम्ही बोरीला निघालो. गावात विचारलं, तर एका म्हाताऱ्यानं ओढ्याकडं बोट केलं. तिथं लिंबाच्या झाडाखाली एक गृहस्थ बाजेवर बसले होते. धोतर, मोठ्या मिशा, डोक्याला लाल पटका. शेजारी एकजण हलगी शेकत होता. मागं तीन घोड्या बांधलेल्या होत्या. गुरूंची घरची परिस्थिती चांगली दिसते, असं माझ्या मनात आलं.

मी पुढं होऊन उस्तादांच्या गळ्यात हार घातला आणि वाकून नमस्कार केला. ते गडबडले, तरी आशीर्वाद दिला. मग आमच्या पाठीमागं रस्त्याकडं बघत म्हणाले, “राणी कुठं हाय?”

“ही काय,” म्हणत मी राणीला पुढं केलं.

उस्तादांनी राणीकडं पाहिलं. तिच्या मागं पाहिलं. मग उठून उभे राहिले आणि पार वळणापर्यंत पाहिलं.

“अन् घोडी?”

“कुठली घोडी?”

“सर, मी वरातीच्या घोड्या नाचवायला शिकवतो. तीस वर्सं झाले.”

हलगीवाला हलगी तोंडापुढं धरून हसायला लागला. मी सुनंदाकडं बघायचं टाळलं, पण तिचा आवाज कानामागून आलाच. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “चार दिवस हरभरे घातले मी लेकराला.”

मी म्हणालो, “हरभरे तसे पौष्टिकच असतात.” हे वाक्य मी बोलायला नको होतं.

सुनंदानं राणीचा हात धरून गाडीकडं ओढलं, आणि राणीनं भोकाड पसरलं. “मला नाचायचंय. मला झाडामागं न्हाई राहायचं.” तिचं ते रडणं ऐकून मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. माझा घोळ माझ्यापाशी. पण लेकरू त्यात उगाच भरडलं जात होतं.

“रडू नको माय,” उस्ताद म्हणाले. “आलीस तर बघून जा.” त्यांनी हलगीवाल्याला खूण केली आणि एक पांढरी घोडी सोडली. हलगी कडाडली, तशी घोडी मान डोलवत एकेक पाय उचलायला लागली. राणीचं रडणं थांबलं. मग तिचा एक घुंगराचा पाय वर झाला. मग दुसरा. थोड्याच वेळात दोघी समोरासमोर नाचत होत्या. घोडीला पुठ्ठ्याच्या झाडाचं काही ठाऊक नव्हतं, आणि राणीला घोडीची भीड नव्हती.

उस्ताद मिशीवर हात फिरवत म्हणाले, “पोरीचा पाय एकदाबी चुकला न्हाई. कामून मागं उभी करतेत हिला? पुढच्या रविवारी आणा.”

सुनंदानं उस्तादांच्या पुढ्यात पेढे ठेवले. माझ्याशी ती बुधवारी बोलली.

सात रविवार आम्ही बोरीला गेलो. संमेलनात राणी पुढच्या रांगेत, अगदी मधोमध होती. गुडघे इतके उंच उचलत होती की शेजारच्या दोन मुली आपोआप लांब सरकल्या. शेवटी तिनं मान झटकून जमिनीवर तीनदा पाय आपटला, आणि सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. माझे डोळे भरून आले. “कुठला क्लास लावलाय?” असं बाईंनी विचारलं, तेव्हा सुनंदा म्हणाली, “घरगुतीच हाय.”

झालं, संपलं, असं मी समजलो. पण उस्तादांना या शिष्येचा फार अभिमान. ते दिसेल त्याला सांगत सुटले, ‘सेलूच्या सरांच्या राणीसारखी आजवर माझ्या हातून निघाली न्हाई.’ एवढं सांगायचे, आणि पुढचं राहून जायचं.

ऐन लग्नसराईत एका सकाळी फेटेवाले पाहुणे दारात आले. मी नुकताच उठून बनियनवर उभा होतो.

“राणी तुमचीच ना?” त्यांनी विचारलं. “मुलाची वरात हाय गुरुवारी. उस्तादांनी लय तारीफ केली. म्हणलं, न्यावी.”

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “घोडी न्हाई हो आमच्याकडं. एक गाढव हाय. ते काय, दारातच उभं हाय. न्या पायजे तर.”

पाहुण्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, क्षणभर विचार केला, आणि आत बघून विचारलं, “नाचतंय का पण?”