हरिचंद्रबाबांचं गुरुत्वाकर्षण

मायाला बघायला आले तेव्हा हरिचंद्रबाबांनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. "एमएस्सी फिजिक्स म्हणजे गुरुत्वाकर्षण येत असेल ना, पोरी?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली, तसे ते मुलाकडे, बुद्धभूषणकडे वळले. "माझ्याकडून पक्कं."

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आयुष्य काढलेला हा माणूस दहावीच्या पुढे शिकला नव्हता. पण पेपरच्या पुरवण्या वाचून, लायब्ररी पालथी घालून त्यांनी स्वतःचा एक सिद्धांत उभा केला होता. पृथ्वी कुणाला खेचत नाही, असं त्यांचं म्हणणं. आकाशभर न दिसणारे बारीक कण चहूबाजूंनी धावतात आणि वस्तूंना ढकलतात. सूर्य आणि पृथ्वी एकमेकांच्या आड येतात, मधल्या बाजूनं मारा कमी पडतो, म्हणून दोघं एकमेकांकडे लोटले जातात.

लग्नानंतर आठवड्याभरातच त्यांनी हे मायाला समजावून सांगितलं. ऐकता ऐकताच तिला चूक दिसली. कल्पना जुनी होती, केव्हाच मोडीत निघालेली. ती बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी, गयाबाईंनी आतून आवाज दिला, "भांडी तशीच पडलीत गं!"

"मी घासतो," बाबा म्हणाले. "तिला अभ्यास करू दे." आणि खरंच उठून घासायला बसले.

मग मायाला बोलवेना.

तिचं मन पुण्यात होतं. तिथे गुरुत्वीय लहरींवर काम चालायचं आणि तिला त्यात पीएचडी करायची होती. नेट परीक्षेतून फेलोशिपही मिळाली होती. दोन वर्षांत कुठे रुजू झालं नाही तर ती रद्द होणार होती. बुद्धभूषण म्हणायचा, बाबांना विचार. बाबांची ना नव्हतीच. "जा की! फक्त आपलं हे इंग्रजीत करून दे. मग दोघं मिळूनच पुण्याला जाऊ, दाखवू त्यांना."

ती सकाळी उल्हासनगरला क्लासमध्ये शिकवायची, दुपारी बाबांचं लिखाण इंग्रजीत करायची. एक भाग संपला की बाबांना नवीन सुचायचं. चुकीची गोष्ट पुरी होणार कधी? गल्लीत ते सगळ्यांना सांगत, "सून आणि मी मिळून करतोय." त्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं माणूस एवढं एकच होतं. रोज ती ठरवायची, आज सांगू. रोज ते आधी चहा आणून ठेवायचे.

२००६ च्या पावसाळ्यानंतर उल्हासनगरच्या एका कॉलेजात पुण्याच्या एक शास्त्रज्ञ बाई व्याख्यानाला आल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मायाला घेऊन पुढच्या रांगेत बसले. बाई सांगत होत्या, अमेरिकेत काही किलोमीटर लांबीच्या नळ्या आहेत, टोकांना आरसे आहेत. दूर कुठे दोन कृष्णविवरं आदळली तर अवकाशच थरथरेल, म्हणजे गुरुत्वीय लहर उठेल, आणि आरशांमधलं अंतर अणूच्या गाभ्याहूनही कमी बदलेल. तेवढं टिपायचंय. अजून काही सापडलेलं नाही, पण शोध चालू आहे.

बाबा उभे राहिले. "मॅडम, अवकाश थरथरत नाही. कण ढकलतात. मी आणि माझ्या सुनेनं सिद्ध केलंय."

मागची पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पावसात पळणारा माणूस पुढून जास्त भिजतो ना? मग पृथ्वी पळतेय, तिला समोरून मारा जास्त बसणार. ती मंदावणार नाही का?"

बाबा चाचरले. "माया, सांग गं यांना."

सगळा हॉल तिच्याकडे बघू लागला.

"मंदावेल, बाबा," ती म्हणाली. "मंदावत मंदावत सूर्यात जाऊन पडेल."

परतताना रिक्षात बाबांनी विचारलं, "तुला हे आत्ता सुचलं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. पहिल्या दिवशीच."

"म्हणजे मी बडबडत होतो आणि तू लहान पोराचं ऐकावं तसं ऐकत होतीस."

"तसं नाही, बाबा."

"मग कसं?"

ती पर्सची चेन उघडत-लावत राहिली. मग त्यांनीच विचारलं, "पुण्याचं काय झालं?"

"मुदत गेली. जूनमध्येच."

बाबांनी तोंड फिरवलं. ते रस्त्यावरच्या फर्निचरच्या दुकानांकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी सिद्धांताचं नाव काढलं नाही. संध्याकाळी ते बुद्धविहारात जाऊन बसू लागले. गयाबाई म्हणायच्या, "काय बोललीस गं त्यांना? जेवण तुटलंय त्यांचं." माया पोळ्या लाटत राहायची. दुपार आता मोकळी होती, पण त्या दुपारचं काय करायचं ते तिला कळेना. क्लासवाल्यांनी आणखी एक बॅच दिली, तीही तिनं घेतली.

पुढे बदलापूरला फ्लॅट घेतला. २००८ च्या सप्टेंबरात टीव्हीवर एकच गिल्ला झाला: परदेशात जमिनीखाली महायंत्र सुरू होतंय, त्यातून कृष्णविवर निघून पृथ्वी गिळणार. शेजारच्या अंजनीताई घाबऱ्या घाबऱ्या आल्या. "बाबा, तुम्ही विज्ञानातले. खरं आहे का हो हे?"

"सुनेला विचारा," बाबा म्हणाले.

मायानं अंजनीताईंना बसवलं. त्याहून जोरदार टकरी आकाशातून येणारे कण आपल्या डोक्यावर रोज करतात आणि अब्जावधी वर्षं पृथ्वी जागेवर आहे, हे समजावलं. बोलता बोलता तिचा आवाज चढला, हात हलू लागले. कितीतरी दिवसांनी ती असं बोलत होती. बाबा दाराला टेकून ऐकत होते. अंजनीताईंचा जीव भांड्यात पडला. त्या गेल्या, तेव्हा दारात कुणी नव्हतं.

"बाबा," मायानं हाक मारली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं," ते आतून म्हणाले.