कठड्यावरची वाटी

तिसऱ्या केमोनंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वजन आणखी दोन किलो उतरलं, तर पुढचा डोस थांबवावा लागेल." तेव्हा मी सेहेचाळीस किलो होते.

घरी आल्याबरोबर फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी नागलीची, म्हणजे नाचणीची, घट्ट लापशी, वर तूप. संध्याकाळी मऊ खिचडी आणि उकडलेलं अंडं. दोन्ही वेळा गच्चीत वीस फेऱ्या. मधल्या वेळचं मुगाचं कढण, ताक. प्रत्येक गोष्टीपुढे एक चौकोन.

पंधरा दिवसांत एकही चौकोन खुणेशिवाय राहिला नाही. वजन सव्वा किलोने उतरलं.

काटा बदलून पाहिला. तोही तेच म्हणाला. आहारतज्ज्ञ बाईंनी माझे तक्ते चाळले. "हे सगळं खाता ना नक्की?"

"समोर लिहिलंय की," मी म्हणाले.

पण परतताना रिक्षात आठवून पाहिलं. लापशी शिजवलेली आठवत होती, वाटी विसळलेली आठवत होती. मधला घास एकही आठवेना. तोंडाची चव गेली होती, ते ठीक. आठवणही गेली? अंगात कुणीतरी बसून माझं जेवण जेवतंय, असं वाटायला लागलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

कामाला येणाऱ्या मावशी पेठ तालुक्याकडच्या. नागली त्याच गावाकडून आणत. दोन दिवस त्या माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी गच्चीत कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "ताई, रागवू नका. तुमचं जेवण कावळा खातो."

"काय?"

"रोज. तुम्ही टाकीमागं वळल्या का येतो. तुम्ही येता, रिकामी वाटी उचलता, जाता."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, कोणाच्या नावानं ठेवता." त्यांनी ओला टॉवेल झटकला. "आमच्याकडं तासतास वाट बघावी लागते त्याची. हा तर न बोलवता येतो."

मी कठड्याकडे पाहिलं. तोंड सोलवटलेलं, गरम सोसायचं नाही, म्हणून वाटी निवायला कठड्यावर ठेवायची. खूण मात्र खालीच करून यायची, वाटी भरली की लगेच. ऑफिसातली जुनी सवय. फेऱ्या झाल्या, वाटी रिकामी, तक्त्यावर खूण आधीच. म्हणजे खाल्लं.

ऐकून नवरा हसला. "अगं, खूण केली की पोट भरतं, हे कुठल्या फाइलीत लिहिलंय?" मग हसणं अर्धवट सोडून तो गच्चीत गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

त्या संध्याकाळपासून आधी खाणं, मग फेऱ्या. खुर्ची टाकून बसले. कावळा आला. हातभर अंतरावर बसला, ओरडला नाही. प्रत्येक घास सुरीसारखा उतरत होता. खिचडी संपायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तो वाटीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी "हुश्श" म्हटलं नाही. का, ते सांगता येणार नाही.

आठवड्याने काट्यावर उभी राहिले. पंचेचाळीसला थोडं कमी. डोस मिळाला.

सुई लावताना सिस्टरनी विचारलं, "सकाळी काही खाल्लंत?"

"लापशी," मी म्हणाले. "पूर्ण वाटी. त्याच्यासमोर बसून."

"कुणाच्या?"

मी हात पुढे केला.