हिचा डबा कोण भरतं?

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरमालकीण काकूंना अमेरिकन कादंबऱ्यांनी जितके धक्के दिले, तितके शाळेच्या स्वयंपाकघरातल्या तीस वर्षांच्या नोकरीनंही दिले नसतील. रिटायर झाल्यापासून त्या लायब्ररीतून आठवड्याला तीन कादंबऱ्या आणायच्या, त्याही नोकरी करणाऱ्या बायकांच्याच. दर वीस पानांमागे वर माझ्या खोलीपर्यंत "अगंबाई!" ऐकू यायचं. मी घाबरट. काकूंना काही झालं की काय, म्हणून अनवाणी जिना उतरायचे. झालेलं असायचं ते न्यूयॉर्कमधल्या कुठल्याशा वकीलबाईला.

"बघ हिला! एवढी मोठी वकील, आणि फ्रिजमध्ये काय, तर एक लिंबू! दोनशे पानं झाली, बाईनं एकदा डबा भरलेला नाही. खाते काय ही?"

उंच टाचांवर धावणाऱ्या, निम्मी कॉफी टाकून देणाऱ्या, बसची वाट कधीच न बघणाऱ्या या बायका कपडे कधी धुतात, याचा काकूंना घोर. "बॉस झाली की दुष्ट, नाहीतर बाथरूममध्ये रडणारी. मधली कोणी नाहीच का गं यांच्याकडे?" सगळ्यात मोठा धक्का शेवटच्या पानावर. बाई राजीनामा देऊन गावाकडच्या सुताराशी लग्न करायची. त्या दिवशी काकू जेवत नसत. पिवळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं निषेध लिहून आत चिकटवत आणि पुस्तक तसंच परत करत.

"अहो काकू, लायब्ररीवाले रागावतील."

"त्यांना मराठी कुठे येतंय!"

मी नववीतून शाळा सोडलेली. विमानतळाजवळ हाउन्सलोला विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचे. काकूंनी मला खोली दिली, फॉर्म भरायला शिकवलं. मी दिवसातून दहादा थँक्यू म्हणायचे आणि त्या वैतागायच्या. एका हिवाळ्यात मॅनेजरनं मला सुपरवायझर हो म्हटलं. पंचवीस जणींवर देखरेख, वर इंग्रजीत रिपोर्ट, आणि ते नववीवालीनं? नको म्हणून पत्र लिहिलं, चुरगळू नये म्हणून खाली टेबलावरच्या काकूंच्या कादंबरीत ठेवलं आणि तिथेच विसरले.

सकाळी आलेलं "अगंबाई!" इतकं मोठं होतं की शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकला. खाली गेले. काकूंनी पत्र हातात दिलं. त्यावर पिवळी चिठ्ठी: "शेवट साफ चुकला आहे. बाई कामात हुशार आहे. लिहिणारीलाच पत्ता नाही."

"काकू, जमेल मला?"

"लिंबावर नाही जमायचं. आधी डबा भर."

पत्र मी फाडलं.

आता काकू लीड्सला लेकीकडे असतात. डोळे गेल्यापासून वाचन बंद. परवा मी लायब्ररीतून एक कादंबरी आणली, कुठल्याशा संपादकबाईची. जेवणाच्या सुट्टीत उघडली, तर साठाव्या पानावर पिवळी चिठ्ठी, पेन्सिल पुसट झालेली: "हिचा डबा कोण भरतं?"

"अगंबाई!" माझ्याच तोंडून निघालं. पंचवीसच्या पंचवीस जणी वळून बघायला लागल्या. माझ्या हातात पोळीचा घास होता. तो खाली ठेवून पेन्सिल घेतली. थँक्यू लिहिणार होते. पण काकू वैतागल्या असत्या. म्हणून त्याच चिठ्ठीवर, खाली, एवढंच लिहिलं: "माझा मीच भरते."