घमेल्यातला बुडबुडा

किन्हीराजाच्या फाट्यावर माझी गाडी पंक्चर झाली. दुकानासमोरच्या जुन्या टायरवर एक माणूस मंगरूळपीरच्या बसची वाट पाहत बसला होता. वय चाळिशीचं, डोळे मात्र साठीचे. अशा वेळी फुकटचा सल्ला देणारेच जास्त भेटतात. हा नुसता घमेल्यातल्या पाण्यात बुडवलेल्या ट्यूबकडे वाकून बघत होता.

"तुमचंबी हेच काम हाय काय जी?" मी विचारलं.

"हेच. घमेलं तेवढं मोठं हाय."

तो परदेशातल्या एका जहाजावर नोकरीला होता. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड तिथे समुद्राच्या तळाखाली खडकात कोंडून ठेवतात. त्याचा बुडबुडा कुठून सुटतो का, हे याने बारा-बारा तास पडद्यावर बघत बसायचं.

"मंग, दिसला कधी?"

"एकदा दिसला. म्या बोंब मारली, सारं जहाज गोळा केलं. पडद्यावर दोन्ही ठिपकेच; ते मासे निघाले." तो हसला नाही. "तवापासून काईबी दिसलं तरी मले आधी मासेच वाटते, भाऊ."

पंक्चरवाल्याने ठिगळ लावलं, ट्यूब एकदा बुडवली आणि "झालं" म्हणून बाहेर काढली. त्या माणसाने ती त्याच्या हातातून घेतली आणि पुन्हा पाण्यात धरली. बस आली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. तो हलला नाही. मग वॉल्व्हपाशी मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला.

"वरून चिकटलेली हवा असन ते," पंक्चरवाला म्हणाला.

त्याने वाद घातला नाही. थकलेले डोळे माझ्याकडे वळवून एवढंच विचारलं,

"तुमालेबी दिसला ना?"