माझ्या मापाचा बोर्ड

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "छंद काय?" मी म्हटलं, "विंडसर्फिंग." मी मालवणची. कॉलेजात असताना शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून समुद्रावर वाऱ्याबरोबर पळायला शिकले होते. होणाऱ्या सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "आणि स्वयंपाक?" विषय तिथेच संपला.

मग पिंपळे गुरवचा फ्लॅट, हिंजवडीची नोकरी, मुलीची दहावी, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. कुठला समुद्र आणि कुठलं काय! ऑफिसात कधी बोलले तर पोरं दात काढायची, "मॅडम, तुम्ही? विंडसर्फिंग?" पुढे पुढे मलाच शंका यायला लागली, की आपण खरंच कधी त्या बोर्डवर उभ्या होतो का. मावळातल्या एका धरणावर बोर्ड भाड्याने मिळतात असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, एकदा उभं राहून बघायचं. नाही जमलं तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

"बोर्डची साइज मी काढतो," हे म्हणाले. झालं!

हे चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहेत. गाडीच्या पार्टमधलं वजन कमी करणं हेच त्यांचं काम. एखाद्या ब्रॅकेटमधून चार ग्रॅम काढले की साहेब खूश आणि गॅदरिंगला बक्षिसाची ढाल. ही सवय घरातही सुटत नाही. माझ्या पोळपाटाला ते "उगाच जाड" म्हणाले होते, तेव्हा मी लाटणं दाखवलं म्हणून तो वाचला.

रविवारी सकाळी कंपनीतले दोन मित्र आले, मिसळ हाणली आणि मीटिंग सुरू झाली. बोर्ड किती लिटरचा, म्हणजे किती भार तरंगवणारा घ्यायचा हे उभं राहणाऱ्याच्या वजनावर ठरतं, एवढं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. "वहिनी, वजन?" एकाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "अठ्ठावन्न." लग्नाच्या वेळी मी सांगितलेला आकडा! तेव्हासुद्धा तो घासूनपुसूनच सांगितला होता. पण परक्या माणसांसमोर कोण बोलणार? मी गपचूप पाव वाढले.

मग सगळेच धरणावर. बोर्डवाला गावचाच होता. तो म्हणाला, "ताई, कोन्ताबी न्या, समदे तरंगत्यात." ह्यांनी सगळ्यांत बारीक बोर्ड उचलला आणि प्रेमाने म्हणाले, "बघ, एक ग्रॅम जास्तीचा नाही." शेजारी दारासारखा रुंद बोर्ड पडला होता. तसल्याच बोर्डांवर पोरंटोरं शिकत होती. मी काय शिकाऊ आहे का? मीही बारीकच घेतला.

चढले. बोर्ड घोट्यापर्यंत पाण्याखाली गेला आणि मी शिडासकट धप्पकन आडवी. पुन्हा तेच. पुन्हा तेच. काठावर मीटिंग चालूच. "वहिनी, बॅलन्स!" "अगं, हिशोब बरोबर आहे, वाकू नकोस!" मी बोर्डला धरून लटकले होते आणि मला रडू येत होतं. सगळं संपलं असं वाटलं. मालवणचं पाणी, तो वारा, सगळं मीच मनाने रचलं असेल. मग एकदम तिडीक आली.

"अहो, बहात्तर!" मी ओरडले. "बहात्तर आहे माझं वजन!"

बोर्डवाल्यानेसुद्धा वळून पाहिलं.

"कधीपासून?" ह्यांचा आवाज आला.

"मुलीच्या बारशापासून!"

तो दारासारखा बोर्ड आला. मी आधी गुडघ्यांवर बसले, मग उभी राहिले. बोर्ड हलला नाही. दोरीने शीड वर ओढलं, त्यात वारा भरला आणि माझे पाय आपोआप सरकून बरोबर जागेवर गेले. पायांना सगळं आठवत होतं. धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन, वळून मी काठाला आले, तेव्हा आनंदाने मी एकटीच हसत होते.

हे बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभे होते.

"एक सांगू?" ते म्हणाले. "कांदेपोह्यांच्या दिवशी मला वाटलेलं, तू थाप मारतेयस. आजपर्यंत वाटत होतं."

"मग होकार कशाला दिलात?"

"एवढी दणदणीत थाप मारणारी मुलगी दुसरीकडे कुठे मिळणार?"

म्हणजे बघा! या माणसाने इतकी वर्षं माझं वजन खरं मानलं आणि विंडसर्फिंगला थाप. चिडावं की हसावं मला कळेना. त्यांच्या अंगावर मी ओंजळभर पाणी उडवलं.

"आता नीट बघा," मी म्हटलं आणि बोर्ड पुन्हा पाण्यात ढकलला.