टीचरबाईंच्या चुलीपाशी वाढलेली अबोली

माझी अबोली वाचली ती शेजारच्या टीचरबाईंमुळे. हे आधीच सांगते, कारण बाकीचं सांगताना जीव घाबरा होतो आणि त्यांचं राहून जाईल.

मी तळकोकणातली. सातवीत शाळा सुटली. आमच्या गावाजवळ रस्त्याचं काम निघालं तेव्हा हे तिथे रोलर चालवायला आले होते. लग्न झालं आणि मी आले ती थेट आदिलाबादला. तिथल्या मावला भागात एका आवारात दोन घरं, एक आमचं भाड्याचं, एक टीचरबाईंचं. त्या सरकारी शाळेत शिकवतात. इथलं बोलणंही मला त्यांच्याकडूनच समजायला लागलं.

आई पडून अंथरुणाला खिळली तेव्हा मी गावी गेले होते. पण मुलाची शाळा, ह्यांची नोकरी, राहणार किती? निघताना आईने वहिनीकडून अंगणातल्या अबोलीची वाळकी कणसं तोडून घेतली, रुमालात बांधून माझ्या हातात दिली. म्हणाली, फुलली की दाखव.

अबोलीच्या वाळक्या कणसाला पाणी लागलं की बोंडं तटतट फुटतात आणि बी लांब उडतं. मी चादर अंथरून कणसं भिजवली, उडालेलं बी मुलाने आणि मी वेचलं, आणि गावाकडे जसं कुठेही पडून उगवतं तसंच अंगणात टाकलं. रोपं आली. मला वाटलं, झालं. पण आमची माती लाल, पाणी धरत नाही. इथली काळी, ती सोडत नाही. पावसाळ्यात रोपं बुडाशी काळी पडून एकेक आडवी झाली. मी नुसती बघत राहिले.

उरलेली तेलाच्या डब्यात लावली. डब्याला खाली भोकं, तळाला विटांचे तुकडे, वर रेती, शेणखत आणि थोडी माती. दिवाळीपर्यंत छान तरारली. मग थंडी पडली. असली थंडी मी जन्मात पाहिली नव्हती, त्या रोपांनी कुठून पाहिलेली असणार? पानं काळवंडली.

तिकडे रोज संध्याकाळी वहिनी व्हिडिओ कॉल लावून फोन आईपुढे धरायची. आईने बाकी सगळं विचारणं सोडलं होतं.

"फुलली काय गो?"

नाही अजून, मी म्हणायचे. फोन ठेवला की तांब्या घेऊन डब्याशी जायचे. दुसरं काही सुचायचंच नाही. शेवटी एकच रोप राहिलं, आणि त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून रडले.

टीचरबाई बाहेर आल्या. "काऊन रडून राह्यली वं?" मी सांगितलं. त्यांनी डब्यात बोट घालून पाहिलं. "त्याले थंडी वाजून राह्यली, अन् तू सांजेले आंघोळ घालतं. काय करंन ते?"

झाडांचं त्यांना फार कळत होतं असं नाही. दारात एक कढीपत्ता, तोही आपोआप आलेला. पण त्यांच्या न्हाणीबाहेर पाणी तापवायची चूल होती आणि तिची भिंत दुपारपर्यंत ऊबदार राहायची. डबा त्यांनी स्वतः उचलून भिंतीला लावला. संध्याकाळी वरून तांदळाचं रिकामं पोतं घालायच्या, शाळेत जाताना काढायच्या. पाणी सकाळी, ऊन आल्यावर, तेही माती सुकली असेल तरच. मी तांब्या घेऊन निघाले की आतूनच विचारायच्या, "पेशंटले भेटाले चालली का?"

होळीच्या सुमाराला कणीस धरलं. फुलं आली ती मूठभरच. इथे बाजारात हीच फुलं कनकांबरम म्हणून मुरावर, म्हणजे हाताच्या मापाने, विकतात. माझी अर्धा मूरही भरली नसती. टीचरबाईंनी दोरा घेतला, मध्ये कढीपत्त्याची पानं घालून बोटांनीच गाठी मारल्या आणि तो गजरा माझ्या केसांत माळला. मग गावी फोन लावायला लावला, तो माझ्या हातातून घेतला आणि मला पाठ करून उभं केलं. त्यामुळे आईचा चेहरा मला दिसला नाही. मी विचारलं, काय करतेय?

टीचरबाई हळूच म्हणाल्या, "हात फिरवून राह्यली फोनवर."

उन्हाळ्यात आई गेली. गाड्या बदलत मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात भावाने फरशी घातली होती, अबोलीचं नाव नाही.

आता जी आहे ती चुलीपाशीच. टीचरबाई रिटायर झाल्या की उटनूरला लेकीजवळ घर बांधणार म्हणतात. माझ्याकडे द्यायला दुसरं काय आहे? पण वाळकी कणसं मी जपून ठेवते आहे. त्यांच्या त्या नव्या घराच्या दारात रेती-विटा घालून वाफा मी माझ्या हाताने करीन, बी टाकीन, आणि अबोली फुलली की पहिला गजरा त्यांच्या केसांत माळीन. पाणी सकाळीच घालीन, आणि थोडंच.