तटाबाहेरची शिक्षा

ज्या पुस्तकांविषयी हे लिहितो आहे ती पुस्तके मला कधीही आवडली नाहीत, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो. पुढील मजकुरातून कोणी निराळा अर्थ काढू नये. करड्या, खरबरीत कागदावर छापलेल्या आणि हाताळताच बोटांना शाई लावणाऱ्या हिंदी पॉकेटबुकांची ती एक मालिका होती. नव्वदच्या दशकात बनारसच्या गल्ल्यांतली शाळकरी मुले ती एकमेकांच्या हातून हिसकावून वाचत. आम्ही ब्रह्मा घाटावर भाड्याने राहत होतो, आणि गल्लीच्या तोंडाशी पतंग व मांजा विकणारा एक दुकानदार ही पुस्तकेही भाड्याने देई. माझी मुलगी, जी आम्हाला उशिरा झाली आणि तेव्हा पंधरा वर्षांची होती, त्याची कायमची गिऱ्हाईक होती.

कथानक थोडक्यात असे. धुराच्या तटाने वेढलेले एक नगर आहे. कित्येक शतके न मेलेला एक नियामक तिथला कारभार पाहतो. प्रत्येक मुलाला सोळाव्या वर्षी, भर दुपारी, चौकात उभे करून त्याची सावली मोजतात. सावली आखूड भरली की त्या मुलाला तटाबाहेर धाडतात, आणि तटाबाहेर गेलेला कोणी परत येत नाही. भर दुपारी सर्वांचीच सावली आखूड असते, हा माझा पहिला आक्षेप होता. तो मी मुलीपुढे मांडला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तीच तर मजा आहे." नायिकेला सावलीच नव्हती, आणि तिचा एकुलता एक मित्र विहिरीत राहणारा एक मृतात्मा होता.

मी मूळचा साताऱ्याकडचा. रेल्वेच्या दावे विभागात नोकरी लागली म्हणून काशीत आलो आणि राहिलो. हरवलेल्या, फुटलेल्या, भिजलेल्या मालाच्या दाव्यांवर उभी हयात टिपणे लिहिली. कोणता शब्द कोणावर बंधनकारक होतो आणि कोणता होत नाही, एवढे एकच शास्त्र मला येते. निवृत्तीनंतर ती सवय सुटली नाही. तुंबलेल्या गटाराबद्दल, घाटावरच्या दिव्याबद्दल, अवाजवी वीजबिलाबद्दल मी पत्रे लिहीत असे, पोचपावत्या जपून ठेवत असे, आणि गटार तुंबलेलेच राहत असे. ज्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे त्या उन्हाळ्यात मी या सगळ्याने थकलो होतो. पण थांबण्याची युक्ती मला ठाऊक नव्हती.

त्याच्या आधीच्या कार्तिकात माझी मोठी बहीण आमच्याकडे आली. मी तिला आक्का म्हणत असे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात सरकारी अधिकारी होता. तोच तिला घेऊन आला. दोघे सकाळी मणिकर्णिकेवर गेले, दुपारी परतले, आणि जेवताना भाच्याने मला सांगितले की आईने क्षेत्रसंन्यास घेतला आहे. क्षेत्रसंन्यास म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द न ओलांडण्याचे व्रत. माझ्या घरात राहायला येणाऱ्या माणसाबद्दल मला आधी विचारले गेले नाही, याचा मला संताप आला, आणि तो मी बोलून दाखवला. आक्का पानातल्या भाताकडे पाहत होती. संध्याकाळच्या गाडीने भाचा परत गेला.

आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला वाचता येत नसे, आणि मी पोथी वाचू लागलो की दुसऱ्या पानावर तिला झोप लागे. उन्हाळ्यात माझी पत्नी नातेवाइकांकडे गेली होती. मुलीला सुट्टी होती, दुपारी वीज जात असे, आणि दारावर ओला वाळ्याचा पडदा सोडून त्या दोघी फरशीवर पडून राहत. एका दुपारी मी डोकावलो, तर मुलगी ते पॉकेटबुक उघडून मराठीत सांगत होती, आणि आक्का टक्क जागी होती.

मुलीचे मराठी काशीत घडलेले होते. तिची नायिका खिडकी "खोलत" असे आणि आक्का "उघडते गं, उघडते" म्हणून तिला अडवत असे. विहिरीतल्या मित्राचा प्रवेश झाला त्या दिवशी तर वाचन थांबलेच, कारण मुलगी म्हणाली, "मग ते प्रेत तिच्याशी बोलू लागलं."

"प्रेत कसं बोलेल? प्रेताला खांदा देतात."

"आत्या, प्रेत म्हणजे ते नाही हो, जे मरून पण घूमत राहतं ते."

"लग्न झालं होतं का त्याचं?"

"नाही. सतरा सालचा आहे."

"मग मुंजा म्हण की. उगाच प्रेत प्रेत काय."

तेव्हापासून त्या मालिकेत मुंजा अवतरला. लेखकाला याची कल्पना असण्याचे कारण नाही.

काशीवासाला आलेल्या वृद्धेच्या कानावर असले वाङ्मय पडावे हे मला अनुचित वाटले. ते बंद करण्यापूर्वी पुरावा हाती असावा म्हणून मी उपलब्ध भाग एकामागून एक वाचून काढले. मुद्रणदोष अगणित होते. एका भागात मेलेला द्वारपाल पुढच्या भागात जेवत होता. पण मला खरा राग आला तो कायद्यावरून. तिसऱ्या भागात स्पष्ट लिहिले होते की सभेची मोहोर उमटल्याशिवाय नियामकाचा कोणताही हुकूम लागू होत नाही. पाचव्या भागात तो मोहोरेशिवाय हुकूम काढतो, शेकडो मुले तटाबाहेर जातात, आणि नगरातला एकही माणूस उठून विचारत नाही की मोहोर कुठे आहे. मी प्रकाशकाला रजिस्टर पत्र लिहिले. उत्तरादाखल एक छापील कार्ड आले. पुढील भाग लवकरच प्रसिद्ध होत असल्याचे त्यात आनंदाने कळवले होते.

मुलीने ते कार्ड आक्काला वाचून दाखवले आणि दोघी माझ्यावर हसल्या. वाचन बंद करण्याचा विषय मी नंतर काढला नाही. दुपारी मीही पडद्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसू लागलो.

अशाच एका दुपारी आक्काने मला आत बोलावले. मुलगी पुस्तक उघडे धरून बसली होती.

"तू कायद्यातला माणूस. सावली आखूड असणं हा गुन्हा कोणत्या कायद्यात बसतो?"

कोणत्याही नाही, असे मी सांगितले.

"मग त्या पोरांना शिक्षा कशाची?"

मी मुलीच्या हातून पुस्तक घेतले. "शिक्षा के लिए भेजा गया" असे तिथे छापलेले होते, आणि प्रत्येक भागात मुलीने तो शब्द जसाच्या तसा ठेवला होता, कारण तो बदलावा लागतो हेच तिला माहीत नव्हते. मी आक्काला समजावले की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मुलांना तटापलीकडच्या मोठ्या विद्यालयात धाडत आहोत, असे त्यांच्या आईबापांना सांगितले जाते.

 आक्का पदराच्या टोकाची घडी घालत होती, उलगडत होती.

"म्हणजे सांगतात एक आणि सोडतात भलतीकडंच."

"आत्या, अजून तसं साबित नाही झालं," मुलगी म्हणाली.

"परत कोण आलंय का?" आक्काने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता माझ्याकडे वळून म्हणाली, "मलाही यात्रा म्हणूनच सांगितलं होतं. महिन्याभराची. दूधवाल्याला महिन्यापुरतं बंद ठेव म्हणून सांगून आले होते मी."

मी तिला प्रश्न विचारले, जसे आयुष्यभर दावेदारांना विचारले तसे. मणिकर्णिकेवर तिला पाण्याजवळ बसवले. भटजी संस्कृतात बोलत होते आणि तिच्या वतीने मुलगा हो हो म्हणत होता. "मम म्हणा" असे तिला सांगितले. ती मम म्हणाली. हातावरून पाणी सोडा म्हणाले, तिने सोडले. यात्रेचा संकल्प असतोच, त्यातलाच हा एक असावा, असे तिला वाटले. पुढे जेवताना क्षेत्रसंन्यास हा शब्द तिने आमच्या बरोबरीनेच पहिल्यांदा ऐकला. तेव्हा का बोलली नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "पंक्तीत लेकाला खोटं पाडू?"

मी भाच्याला सविस्तर पत्र लिहिले. आईची व्यवस्था पूर्ण विचारांती केली आहे, तिच्या पारलौकिक हिताच्या आड मामांनी येऊ नये, असे त्याचे उत्तर आले. आक्काची मुलगी नागपूरला बँकेत होती. तिलाही मी कळवले. तिचे उत्तर दोन ओळींचे होते. आईची खोली तयार आहे, आणि आई स्वतःहून काशीत राहिली असे भावाने आपल्याला सांगितले होते.

तरीही व्रताचा प्रश्न उरत होता. हे व्रत मोडले तर सगळे पुण्य बुडते, असे आक्काला शेजारणींनी मनसोक्त ऐकवलेले होते. म्हणून मी वरच्या गल्लीतल्या वेदशास्त्रसंपन्न गुरुजींकडे गेलो. गल्लीतले सगळे त्यांचाच शब्द मानत. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि माझे म्हणणे पुरते होण्यापूर्वीच म्हणाले, "वकीलसाहेब, ही रेल्वे नाही. हरवलेल्या पुण्याचा दावा इथं लागत नाही."

मी थकलेला होतो, पण तिथे थांबलो नाही. ज्या मालिकेवर मी रागावलो होतो तिचीच त्रुटी मी त्यांच्यापुढे ठेवली: मोहोर कुठे आहे? संकल्प उच्चारला कोणी? जिने पाणी सोडले तिला तो कशाचा आहे हे ठाऊक होते काय? ठाऊक नसेल तर तो तिचा कसा? पुस्तकाचा उल्लेख मी अर्थातच केला नाही.

"त्यांना काय कळलं होतं, हे मणिकर्णिकेवर कोण विचारणार? गर्दी असते तिथं," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी पुष्कळ वेळ पंख्याने वारा घेतला. "घेतलेलं व्रत मोडायला प्रायश्चित्त आहे, ते मी सांगू शकतो. न घेतलेलं मोडायला काय लागतं, ते मला कोणी शिकवलं नाही. न्यायचं तर न्या. पण गुरुजींना विचारून नेलं असं गल्लीत सांगत फिरू नका."

हे सर्व मी आक्काला जसेच्या तसे सांगितले. निर्णय तिचा, मी सुचवणार नाही, असेही सांगितले. इथे मरण आले तर लोक त्याला भाग्य म्हणतात. वाटेत किंवा नागपूरला आले तर कोणी तसे म्हणणार नाही, हे तिने लक्षात घ्यावे.

"तिथं गेल्या गेल्या मरायलाच हवं असं थोडंच आहे," ती म्हणाली. "अरे, मरणाची वाट बघून बघून पाठ धरली माझी. लेकीकडं ने मला."

मुलीला मात्र हे पटले नाही. शेवटचा भाग यायचा होता. आत्या गेल्या तर तो सांगायचा कोणाला? आक्काने तिला सांगितले की आला की पोस्टाने पाठव, नागपूरलाही वाचता येणारी माणसे आहेत. मुलगी रुसली, आणि रुसलेल्या अवस्थेतच तिने आक्काची ट्रंक भरली.

नागपूरची गाडी मुगलसरायहून होती. तिथवर जाण्यासाठी आम्ही सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसलो. राजघाटचा पूल ओलांडला की काशी संपते. त्या पुलासाठी मी मनाची तयारी करून आलो होतो. आक्का घाबरली, रडली, परत फिर म्हणाली तर काय बोलायचे हे ठरवून ठेवले होते. गाडी पुलावर आली. खालून नदी दिसू लागली, डब्यातल्या लोकांनी हात जोडले. मी आक्काकडे पाहिले. खिडकीच्या गजाला डोके टेकवून ती झोपली होती, तोंड किंचित उघडे. ज्या हद्दीसाठी मी पत्रे लिहिली, गुरुजींशी वाद घातला, ती हद्द तिच्या झोपेतच मागे पडली. मी तिला उठवले नाही.

शेवटचा भाग पावसाळ्यानंतर आला. नायिका तटाबाहेर जाते तेव्हा तिला पहिल्यांदा सावली पडते, आणि तिथेच पुस्तक संपते. मुलीने ते नागपूरला पाठवले. भाचीने ते आईला वाचून दाखवले आणि आक्काचे मत कळवले: शेवट बरा आहे, पण बाहेर गेल्यावर ती पोरगी खाते काय आणि राहते कुठे, हे लिहायला हवे होते. या आक्षेपाशी मी सर्वस्वी सहमत होतो, आणि तसे मी प्रकाशकाला लिहिले.

आक्का त्यानंतर काही वर्षे नागपूरला होती. डोळ्याची शस्त्रक्रिया तिथे झाली, ती पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली, आणि एका थंडीत तिथेच गेली. अस्थी घेऊन भाचा काशीला आला. विधी आटोपल्यावर आम्ही दोघे मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर बसलो. इतके दिवस मनात ठेवलेले वाक्य त्याने तिथे उच्चारले.

"मामा, तुम्ही आईचा मोक्ष घालवलात."

संमती, ज्ञान, दुसऱ्याच्या तोंडून वदवलेला शब्द, असा माझा सगळा युक्तिवाद तयार होता. तो मांडण्याइतका दम मात्र माझ्यात उरलेला नव्हता.

"तिला तिथं बरं वाटत होतं," मी म्हणालो.

"तो मुद्दा नाही."

"तिच्यापुरता तोच होता. तू तिला कधी विचारलं नाहीस."

त्याने नदीकडे पाहिले. उठताना माझे गुडघे धरले. त्याने हात पुढे केला, आणि तो धरून मी पायऱ्या चढलो.